खूनकाकांचा ग्रंथ

दर शुक्रवारी जेवणं आटोपली की खूनकाका एक खून करायचे. कधी कधी दोन. हात धुऊन, पंच्याला पुसून ते पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायचे, तिच्यातून विटेएवढा जाड इंग्रजी ग्रंथ काढायचे आणि खोलीभर नजर फिरवून विचारायचे, "आज कोणाक मारूया रे?"

कुवेतच्या खैतान भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा बिनबायकांचे पुरुष राहत होतो. म्हणजे बायका होत्या, पण गावाला. पाचजण कोकणातले, आणि सहावा मी, नाशिकचा ड्राफ्ट्समन. काका वेल्डर होते. पन्नाशीचे, बुटके, डोळे ठिणग्यांनी कायमचे लाल झालेले. 'खूनकाका' हे नाव त्यांना दिनू गवंड्याने दिलं होतं, आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. पुढे ह्याच दिनूच्या हातून खरोखरीचा खून व्हायची वेळ आली, म्हणून तर मी हे लिहायला बसलो आहे.

ग्रंथाची कथा अशी. इराकी सैन्य गेल्यावर पडझड साफ करायला ज्या पहिल्या तुकड्या कुवेतमध्ये आल्या, त्यांत काका होते. अबू हलीफा नावाच्या वस्तीतल्या एका जळक्या घरात कपाटाखाली त्यांना तो सापडला. एक कोपरा जळून गेलेला, पुठ्ठ्यावर सोनेरी वेलबुट्टी. आत जुन्या विलायती भयकथा आणि कविता एकत्र बांधलेल्या. घरातली माणसं कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीला गोळ्यांची भोकं होती आणि न्हाणीघरात वाळलेलं रक्त होतं, एवढंच काका सांगायचे. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी आणि एक फाटका शब्दकोश एवढ्या भांडवलावर त्यांनी तो ग्रंथ चार वर्षांत दोनदा वाचून काढला होता. अडलं की मला हाक यायची, "नाशिककर, ह्या काय लिवलाहा?"

सांगण्यात मात्र त्यांना शब्दकोश लागत नसे. विलायती धुकं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांच्या गोष्टीत धुळीचं वादळ यायचं. किल्ला हा अबू हलीफाच्या जळक्या बंगल्यासारखा असायचा. एका गोष्टीत एक सरदार, असा मनोरा पुन्हा कुणासाठी बांधू नये म्हणून आपल्या गवंड्याचे डोळे काढतो, आणि तो आंधळा गवंडी भिंत चाचपत चाचपत सरदाराच्या पलंगापर्यंत येतो. ते ऐकताना दिनू एवढा तापला, की शेजारी बसलेल्या, आमच्यातल्याच प्लंबरची गचांडी धरून बसला. पुस्तकात सुरी असो, तलवार असो, कुऱ्हाड असो, काकांच्या तोंडी हत्यार एकच: कोयता. मी एकदा शहाणपणा केला. "काका, इथे खंजीर लिहिलाय." ते म्हणाले, "खंजीर मी बघूक नाय. कोयतो बघलंय."

कवितांचा थाट वेगळा. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात, त्या चालीवर काका कविता सांगायचे. "बुडालेले खलाशी जहाजाच्या तळाक खालसून ठोकतत म्हाराजा!" सगळी खोली ओरडायची, "व्हय म्हाराजा!" "तेणा आपल्या धन्याक मारल्यान म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" खालच्या मजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, माणूस एकदा घाबरून वर आला होता. आठवडाभर उन्हात सळया वाकवणाऱ्या, फोरमनच्या शिव्या मुकाट्याने गिळणाऱ्या त्या माणसांना दर शुक्रवारी कुणाचा तरी मुडदा पाडून जे बरं वाटायचं, ते मलाही वाटायचं. नाकारण्यात अर्थ नाही. सोमवारपासूनच मी शुक्रवारची वाट पाहायचो.

मग दिनूला गावाहून पत्र आलं. थोरल्या भावाने बांध सरकवला होता, दिनूच्या वाटणीची काजूची झाडं तोडली होती, आणि आडव्या आलेल्या आईला ढकललं होतं. म्हातारी पायरीवर तोंडावर पडली. पुढचे दात गेले. दिनूची सुट्टी पंधरा दिवसांवर आली होती. पत्राची घडी घालून तो शांतपणे म्हणाला, "गावाक गेलंय की पयलो कोयतो घेतंय. मुंडी उडवतलंय तेची." रागाने बोलला असता तर आम्ही समजूत काढली असती. तो बोलत होता उद्या भाजी काय आणायची ते ठरवावं तसा. त्या आठवड्यात तो कामावरून आला की खिडकीतून एकटक समोरच्या गच्चीकडे बघत बसायचा आणि उजव्या हाताची मूठ वळायचा, उघडायचा.

त्या शुक्रवारी काकांनी दोन भावांची कविता काढली. त्यांच्या डोक्यात काय होतं देव जाणे. शेवटी मारणाऱ्याची कशी दशा होते ते दिनूला ऐकवावं, असा बेत असावा. पण शेवटपर्यंत पोचायलाच मिळालं नाही. "धाकट्यान थोरल्याच्या मानेर कोयतो घातल्यान म्हाराजा," असं ते म्हणाले, आणि आम्ही कुणी तोंड उघडायच्या आत दिनूने मांडीवर थाप मारली. एकटाच ओरडला, "व्हय म्हाराजा!" त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. काकांनी ग्रंथ मिटला. अर्ध्यावर मिटण्याची ती पहिलीच वेळ. मोरीपाशी मला गाठून ते म्हणाले, "नाशिककर, माझी चूक झाली. खुनाक व्हय म्हणूक मीच शिकवलंय हेंका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दिनूला समोर बसवलं आणि आमच्यादेखत स्वतःची हकिकत सांगितली. पुस्तक न घेता. भाऊबंदकीच, एका फणसाच्या झाडावरून. काकांनी थोरल्या भावावर कोयता चालवला होता. दंड हाडासकट तुटला, हात कातडीवर लोंबत राहिला, पुढे इस्पितळात कापून टाकावा लागला. "पोलीस इलो तेवा भाव म्हणालो, माडावरसून पडलंय," काका सांगत होते. "माका वाचवल्यान. आणि तेच्या नंतर माझ्याशी एक शब्द बोलूक नाय. एकोणीस वर्सां झाली. ह्या पुस्तकातले मेलेले तरी येवन मारेकऱ्याशी दोन शब्द बोलतत रे. म्हणान वाचतंय मी. माझो भाव जितो आसा, आणि बोलणा नाय."

 दिनू सगळं ऐकून म्हणाला, "तुमचो कोयतो चुकलो, काका. माझो चुकाचो नाय."

विमानाच्या आदल्या दिवशीची दुपार. दिनू उंबऱ्याशी बसून खोकं बांधत होता. आईसाठी ब्लँकेट, बायकोसाठी साबण, पोरांसाठी दुधाची पावडर. दोरी आवळायला त्याने जोर लावला, आणि आधारासाठी उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवला. लोखंडी दार, जाडजूड. काका आतून आले. त्यांनी त्या हाताकडे नीट बघितलं आणि खांद्याने दार लावलं.

तो आवाज मी लिहिणार नाही. दिनूची किंकाळी गल्लीपर्यंत गेली. आम्ही दार ओढलं तेव्हा तीन बोटं चपटी झाली होती, एकातून हाड वर आलं होतं, आणि खोक्यावर लिहिलेल्या गावाच्या पत्त्यावर रक्त पसरत होतं. प्लंबरने काकांच्या कानफटात दोन मारल्या. काकांनी हात वर केला नाही. ते खाली बसले, दिनूच्या हाताला स्वतःचा पंचा गुंडाळला आणि म्हणाले, "आता जा गावाक. ह्या हातान काय तोडतलंस ता तोड."

सरकारी दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. संध्याकाळी कंपनीचा मंदूब, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारा माणूस, चौकशीला आला. पोलिसांत प्रकरण गेलं असतं तर दिनूची सुट्टी अडकली असती, म्हणून दिनूने दात आवळून हिंदीत सांगितलं, "हवा से दरवाजा लगा." मंदूबला तेवढंच हवं होतं. तो निघालाही होता. तेवढ्यात काका पुढे आले. "हवा कुछ नहीं, साब. मैंने बंद किया. हाथ देखके बंद किया." मी त्यांचा सदरा मागून ओढत होतो. त्यांनी माझ्याकडे वळून फक्त एवढंच म्हटलं, "ह्या येळेक कोणी खोटा बोलाचा नाय."

पोलीस आले नाहीत, पण काकांचा व्हिसा रद्द झाला. आठवड्याभरात ते गावी गेले. मी त्या दिवसांत त्यांच्याशी धड बोललो नाही. गवंड्याचा उजवा हात म्हणजे त्याची भाकर, ती ह्या माणसाने दारात चिरडली होती, आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण जाताना ट्रंक उचलायला मी वाकलो, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू आलं. पुढे त्यांचं एकच पत्र आलं. भाऊ अजून बोलत नाही, असं लिहिलं होतं. ओटीवर ग्रंथ मोठ्याने वाचायला घेतला तर उठून मात्र जात नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर काका वारल्याचं कळलं.

दिनू तीन महिन्यांनी परत आला. बोटं जुळली होती, पण वळत नव्हती. थापी सुटली, कंपनीने त्याला गोदामात बसवलं. काकांचं नाव निघालं की शिव्या घालायचा. गावी काय झालं विचारलं, तर म्हणाला, "काय होतला? हात गळ्यात बांधलेलो. गाळी दिलंय पोटभर, आणि इलंय."

दोन हजार पाचच्या सुमारास मी त्याच्या गावी गेलो होतो. तो कायमचा परतला होता. बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालूच होता. दुसऱ्याच दिवशी तारीख होती, म्हणून मीही सकाळी सोबत निघालो. दिवसाला एकच एसटी, तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघंही त्याच थांब्यावर उभे. दोघांत एक शब्द नाही. एसटी आली, गर्दी झाली. दिनूला उजव्या हाताने दांडा धरता येत नाही, आणि डाव्या हातात दाव्याच्या कागदांची पिशवी होती. थोरल्या भावाने ती पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली, आपल्या पिशवीबरोबर काखेला मारली आणि म्हणाला, "चड आदी."