उघाडीबाहेरचा फेस

त्या सकाळी रोह्याच्या आमच्या तपासणी लॅबमध्ये एक मावशी आल्या. हातात माझी सही असलेला कागद. पेणजवळ खाडीकाठी त्यांचं जिताडा माशांचं तळं होतं. रामवाडीला ट्रक धुणाऱ्या एका गॅरेजचं सांडपाणी ओहोळातून त्याच खाडीला मिळायचं, आणि हल्ली भरतीबरोबर पांढरा फेस यायला लागला होता. त्या भांडायला गेल्या तेव्हा गॅरेजवाल्याने हा कागद पुढे केला. धुण्याचं ते लिक्विड माशांना निर्धोक आहे, असं मीच लिहून दिलं होतं.

"तूच लिवलंस ना गो? मंग माझे मासे वर येऊन तोंड का वासतायत?"

फेस करणारी रसायनं माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. मी तपासलं होतं ते भरपूर पाण्यात मिसळलेलं लिक्विड. गॅरेजवाला किती ओततो, हे कुठे पाहिलं होतं?

मी लगेच त्यांच्याबरोबर निघाले. तळ्यात फेस नव्हताच. त्याला घाबरून मावशींनी चार दिवस उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घेणारं बांधातलं दार, बंद ठेवलं होतं. मीटर बुडवला, तर पाण्यात प्राणवायू जेमतेम उरलेला. मासे कोंडलेल्या पाण्यात गुदमरत होते.

"उघडा, मावशी."

"नि फेस आत आला तर?"

"येईलही. पण बंद ठेवलंत तर मासे नक्की जातील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उघाडीच्या फळ्या उचलल्या.

खाडीचं आणि ओहोळाच्या तोंडाचं पाणी मी लॅबमध्ये आणलं, दोन वेगळ्या टाक्यांत भरलं, खाऱ्या पाण्यात टिकणारे छोटे मासे सोडले. दुसऱ्याच दिवशी ओहोळाच्या टाकीतले सगळे मेले. मी गॅरेजवाल्याला फोन केला, माझा कागद एवढं लिक्विड मिसळलेल्या पाण्याला लागू नाही, असं स्पष्ट सांगितलं. तो कुरकुरला, पण सांडपाणी खड्ड्यात वळवायला तयार झाला.

खाडीच्या पाण्याच्या टाकीतले मासे मी रोज सकाळी आल्यावर जेवणाचा डबा ठेवायच्याही आधी मोजायची. चौथ्या दिवशीही सगळे मासे पोहत होते. तेवढ्यात मावशींचा फोन आला.

"आता वर येत नाय गो कोनी. खातायत मस्त."

मी स्टुलावर बसूनच राहिले. मग रोह्याजवळच वरसेला घरी गेले आणि चार दिवसांनी पोटभर जेवले.