शेऱ्याचा रकाना

माझी सगळी नोकरी नागपूरला लागून असलेल्या एका नगरपरिषदेत, दुकानांचा मालमत्ता कर वसूल करण्यात गेली. थकबाकी मागायला गेलं की नोकर सांगायचा, मालक जेवायला गेलेत. मालक समोरच सुपारी कातरत बसलेला असायचा. चहा मात्र मनापासून पाजायचे, म्हणून मला या कामाचा कधी कंटाळा आला नाही.

दर वर्षी प्रत्येक दुकान डोळ्यांनी बघून नोंदवहीत शेरा लिहायचा, असा नियम होता. शेकडो दुकानं आणि वरून आमच्याकडचं ऊन. त्यामुळे आम्हा सगळ्यांना एक शब्द फार सोयीचा होता, 'मागीलप्रमाणे'. मीही तो टेबलाशी बसून बिनधास्त लिहायची.

निवृत्तीला चार महिने उरले असताना एक म्हातारे सायकलवाले पिशवी घेऊन आले. पिशवीत कराची बिलं होती, वर्षवार लावलेली.

"मॅडम, रस्ता रुंद केला तवाच माहं दुकान तुटलं. मी आता हिंगण्याले कंपनीच्या गेटवर बसतो. मंग बिल काहून येऊन राहिलं?"

नव्या बाजारात त्यांना गाळा मिळत होता. पण थकबाकी नसल्याचा दाखला महिन्याभरात दिला नाही, तर तो दुसऱ्याला जाणार होता. आणि शास्ती, म्हणजे दंडाचं व्याज, चढून थकबाकी इतकी फुगली होती की भरणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

मी नोंदवही काढली. 'सायकल दुकान, बंद.' बंद दुकानालाही कर लागतोच. खाली सहा वर्षं 'मागीलप्रमाणे', आणि सहाही सह्या माझ्या. मला स्वतःचा भयंकर राग आला.

जी मालमत्ता उरलीच नाही, तिचा कर कायमचा खोडता येतो. त्यासाठी जागेवर पंचनामा लागतो. दुसऱ्या दिवशी शिपाई, शेजारचे दोन दुकानदार आणि म्हातारबा यांना घेऊन मी तिथे गेले. म्हातारबा सरळ रस्त्यात उतरले.

"इथं कॉम्प्रेसर होता. इथं माही गादी."

तेवढ्यात कोराडीची बस त्यांच्या गादीवरून निघून गेली. ते मागे सरले आणि खळखळून हसले. "पाहा, गिऱ्हाईक आलं!"

अहवालात एक प्रश्न होता, हे आधी का लक्षात आलं नाही? बाजूचा कारकून म्हणाला, "लिहा ना, मालकानं कळवलं नाही. समदे तेच लिहितात." पण तसं लिहिलं की कर माफ झाला तरी शास्ती त्यांच्याच डोक्यावर राहते. मी लिहिलं, 'मी सहा वर्षं जागेवर गेले नाही.'

साहेब खूप बोलले. माझी एक वेतनवाढ गेली, आजही पेन्शन तेवढी कमी येते. दाखला मात्र वेळेत निघाला.

शेवटच्या आठवड्यात मी नव्या गाळ्याची नोंद करायला गेले. म्हातारबा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होते. हात पुसून त्यांनी स्टूल दिलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "नीट पाहून घ्या मॅडम."

मी चहा संपेपर्यंत नीट पाहिलं. मग तिथेच, मांडीवर वही ठेवून शेरा लिहिला. 'दुकान चालू. स्वतः पाहिले.'