बिसेर्काचं बिऱ्हाड

चाचाक शहराच्या पलीकडच्या त्या गावात बाप घर बांधतो ते पोरं मोजून. जितके मुलगे तितके मजले. मुलांना विचारायची पद्धत नाही. रादिसावना एकच मुलगा, तिहोमिर. त्याला मिसरूड फुटायच्या आत त्यांनी त्याच्या संसारासाठी वरचा मजला चढवून ठेवला होता. घाई इतकी, की बाहेरून जिना काढायचा राहूनच गेला. वर जायचं तर खालच्या स्वयंपाकघरातून.

तिहोमिरची बायको होऊन बिसेर्का या घरात आली, आणि तेव्हापासून कामावरून आलं की आधी सासू-सासऱ्यांच्या टेबलाला वळसा घालायचा, मग जिना चढायचा. हातात पिशवी असली की पिशवीत काय, नवा कोट असला की केवढ्याला पडला, डोळे लाल दिसले की कोणाशी वाजलं. माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर बिसेर्का केव्हाच भांडून मोकळी झाली असती. खरी पंचाईत तीच होती.

ती शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. तिथल्या झागोर्काची बहीण स्लोव्हेनियाला निघाली होती आणि इस्पितळासमोरचा तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा होणार होता.

"मित्रोवदानच्या सणापर्यंत थांबवते मी तिला," झागोर्का म्हणाली. "पण तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. आणि नंतर मला तोंडघशी पाडू नकोस."

चादरींच्या घड्या घालता घालता बिसेर्का हिशेब मांडू लागली. भाडं, वर हीटिंगचा आकार, तोही उन्हाळ्यात सुद्धा भरायचा. तिचं आणि नर्सिंगच्या शाळेत जाणाऱ्या लेकीचं, तियानाचं, बसभाडं वाचणार, सरपण वाचणार. पण घरची अंडी, बटाटे, कांदे गेले. तिहोमिरने ऑस्ट्रियात विटा रचून आणलेला पैसा सगळा वरच्या मजल्याच्या फरशांत आणि खिडक्यांत गेला होता. तो मजला विकावा, तर सरकारदरबारी तो नव्हताच. कागदावर घर अजून तळमजल्याचंच होतं. भाड्याने द्यावा, तर सासूच्या टेबलाला वळसा घालून वर जाणारा भाडेकरू आणायचा कुठून? तरीही ओढूनताणून जमत होतं. लाकडाची चूल फ्लॅटमध्ये चालणार नव्हती. भिंतभर कपाट खिडक्या बसायच्या आधी दोराने वर चढवलेलं, ते आतल्या जिन्याने उतरणार नव्हतं. राहू दे इथेच, ती म्हणाली. लाल मिरच्यांच्या चटणीच्या, आयवारच्या, बरण्या मात्र ती नेणार होती.

"स्वतःचा मजला सोडून लोकांना भाडं भरायचं?" तिहोमिर म्हणाला. "गाव तोंडात शेण घालेल माझ्या."

"गाव येतं का माझ्याबरोबर पहाटे चारला उठायला?"

त्याने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "येतो मी. पण बाबांना तू सांगायचं."

रविवारी कॉफी झाल्यावर तिने सांगितलं. रादिसावनी हातातला राकियाचा, घरच्या दारूचा, पेला खाली ठेवला.

"आमचं काय चुकलं, सूनबाई?"

मला माझं दार हवंय, एवढंच बोलायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण म्हाताऱ्याचे डोळे पाहिले आणि तिने चांगल्या घरच्या सुनेसारखी थाप मारली.

"चुकलं काही नाही, बाबा. त्या जिन्याचंच बघा ना. पहाटे मी जाते, तुमची झोपमोड होते. नाहीतर मी कशाला गेले असते?"

"अगं, झोप आहे कुठे आता आम्हाला!" सासू देसांका म्हणाली.

रादिसाव उठले, अंगणात गेले आणि कितीतरी वेळ मागची भिंत न्याहाळत उभे राहिले. सुटले एकदाची, असं बिसेर्काला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने झागोर्काला होकार दिला.

त्याच आठवड्यात अंगणात वाळू येऊन पडली. रादिसावनी ओढ्याकाठची प्लमची बाग विकली होती. जिच्या फळांची राकिया ते गावभर मिरवायचे, तीच बाग. शेजारीपाजारी मदतीला आले, तिहोमिरही सदरा काढून काँक्रीट कालवू लागला. "सुनेसाठी बाग विकणारा सासरा पाहिलाय का कोणी?" म्हणत बायका बिसेर्काची दृष्ट काढायच्या बाकी होत्या. ती सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात राजम्याचं सूप करत होती आणि आतल्या आत घुसमटत होती.

"तू तरी सांग त्यांना," तिने नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं.

"काय सांगू? जिन्याचं कारण तूच दिलंस ना?"

झागोर्काला तिने फोन केला. "आमच्याकडे जिना होतोय गं बाहेरून."

"अगं बाई, तुला जिना हवा होता की घर?"

बिसेर्काने फोन ठेवला. फ्लॅट एका शिक्षिकेने घेतला.

मित्रोवदानला रादिसाव नवी टोपी घालून आले आणि बिसेर्काला हाताला धरून घरामागे घेऊन गेले. काम पुरं होईपर्यंत त्यांनी तिला तिकडे फिरकू दिलं नव्हतं. भिंत फोडून तिच्यासाठी दार बसवलं होतं. त्यांनी तिच्या तळहातावर किल्ली ठेवली. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला आनंद झाला. मग तिची नजर वर गेली. जिना तिच्या दाराशी थांबला नव्हता. तो वळून थेट गच्चीवर गेला होता, आणि गच्चीच्या चारही कोपऱ्यांतून लोखंडी सळया उभ्या होत्या.

"हा वर कुठे जातो, बाबा?"

"तियानाकडे!" रादिसाव खुलून हसले. "चढवू हळूहळू तिचा मजला. तिहोमिरचे हात आहेत, तुझा पगार आहे. पोरीची अडचण नको व्हायला तुझ्यासारखी."

तियाना वरच्या पायरीवर उभी होती. सतरा वर्षांची पोर, आईकडे टक लावून बघत होती. पळ, असं तिला ओरडून सांगावंसं बिसेर्काला वाटलं.

"बोल की, सूनबाई. आवडला ना?"

"आवडला, बाबा," ती म्हणाली.

वर तियानाने मान खाली घातली.