दस्त्यातले दोन स्क्रू

वाइनो कांगस माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि शेंबूड बाहीला पुसत हिंडायचा, त्यामुळे 'भावजी' माझ्या तोंडात कधी आलंच नाही. आज सत्तरीला टेकलाय. उभा जन्म काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, पण कुणाच्या फाटकाला कधी धक्का लावला नाही. बायको गेली. एकुलती एक मुलगी हेल्मी, ती डुलूथला नर्स आहे. माणूस वाईट नाही हो. पण डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही. माझा नवरा ओनी त्याचा थोरला भाऊ, तोही तसलाच होता. तो गेलाय म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही, एवढंच.

तर ती बंदूक. ती मूळची माझ्या सासऱ्यांची. मोठी लढाई संपल्यावर सरकारने जुन्या सैनिकी रायफली मातीमोल भावाने विकायला काढल्या होत्या. मासिकात जाहिरात यायची, पैसे पाठवले की लांबलचक खोकं टपालाने घरी. आमच्या मिशिगनच्या या वरच्या टोकाला तेव्हा सगळ्यांनी एकच केलं: आज बंदूक आली की उद्या सरपणाच्या खोपटात तिच्यावर करवत. सैन्याच्या बंदुकीचं लाकूड पार नळीच्या टोकापर्यंत जातं. कमरेएवढ्या बर्फातून, दलदलीतून हरणाच्या मागे फिरायचं तर ते ओझं कोण वाहणार? पुढचं लाकूड कापायचं आणि टाकून द्यायचं.

मामंजींनी त्याहून जास्त केलं. त्यांचं चाप ओढायचं बोट तांब्याच्या खाणीत तुटलं होतं. म्हणून त्यांनी बंदुकीचा दस्ता मधल्या बोटाला सोयीचा होईल असा चाकूने कोरला. गाल टेकायची जागा घासून घासून आपल्या जबड्याच्या मापाची केली. दर हिवाळ्यात त्याला जवसाचं तेल पाजायचे. दिसायला ओबडधोबड, पण त्या बंदुकीने हे घर जगवलं. खाण बंद पडली त्या वर्षांत आम्ही बटाटे आणि हरणाचं मटण, याशिवाय काही खाल्लं नाही. मी ओनीला तेव्हा म्हणायची, आता मलाच शिंगं फुटतील.

हेल्मी बारा वर्षांची झाली, शिकारीला येते म्हणून हट्ट धरून बसली. बंदूक तिच्या खांद्याला लांब पडायची. मामंजींनी काय करावं? दस्त्याच्या मागच्या टोकाचा दोन बोटं रुंदीचा तुकडा सरळ कापला. कापलेला तुकडा कॉफीच्या डब्यात जपून ठेवला. तीनेक वर्षांनी पोरगी उंच झाली, तेव्हा तोच तुकडा दोन लांब स्क्रू मारून जागच्या जागी बसवला आणि शिकारीच्या तळावर, सगळ्या पुरुषांच्या देखत म्हणाले, "ही मोठी झाली. माझ्यामागे ही बंदूक हिची." आमच्यातली म्हातारी माणसं बोलतात कुठे? अख्ख्या हिवाळ्यात दहा शब्द. त्यांतले इतके त्यांनी त्या दिवशी हेल्मीवर खर्च केले. त्या जोडाची रेघ दस्त्यावर कायम दिसायची. हेल्मी तिच्यावरून अंगठा फिरवायची, लहान मूल गोधडीचा कोपरा चोळतं ना, तसा.

मामंजी गेले. बंदूक वाइनोच्या कपाटात राहिली, पण दर नोव्हेंबरात हंगामाच्या पहिल्या दिवशी हेल्मी यायची आणि तीच घेऊन रानात जायची. मग तिची आई आजारी पडली. वाइनोने आम्हाला सगळ्यांना बजावलं, पोरीला सांगू नका, तिची नोकरी नवी आहे, तिच्या जिवाला घोर कशाला. नर्सला सांगू नका की आई मरतेय! मी भांडले, पण ऐकतो कोण? हेल्मी पोचली तेव्हा आईची शुद्ध गेली होती. त्यानंतर पोरगी घरी यायची थांबली. रविवारी फोन करायची, बर्फ किती पडला विचारायची आणि ठेवून द्यायची. वाइनो फोनपाशी तसाच बसून राहायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय ते.

तिला परत कसं आणायचं, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात. अशात तो मार्केट नावाच्या शहरात, बंदुकांच्या बाजारात गेला. तिथे लाव्हर्न नावाचा एक टिकोजीराव टेबल मांडून बसतो. त्याच्या टेबलावर तसलीच रायफल होती, अख्खी, सैन्यातून आली तशी, आणि किंमत अशी की वाचून घाम फुटावा. वाइनोला वाटलं, आपलीही दाखवावी. हात दाखवून अवलक्षण! लाव्हर्नने उलटीपालटी करून पाहिली आणि चारचौघांत विचारलं, कुठल्या गाढवाने हिच्यावर करवत चालवली? आता हे नुसतं सरपण आहे.

मी असते तर त्याच दस्त्याने त्याचं थोबाड रंगवलं असतं. आणि आमचे हे शहाणे? त्यांना ते पटलं! घरी येऊन मला म्हणतो, "वहिनी, बाबांनी चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं. मी ती होती तशी करतो आणि हेल्मीला देतो. मग ती येईल."

दोन हिवाळे तो त्या एका बंदुकीमागे लागला. नळी मामंजींनी कापली नव्हती, तेवढं नशीब. पण त्या काळचा अख्खा दस्ता हवा, त्यावर सैन्याचा शिक्का हवा, नळीवरचं लाकूड हवं, लोखंडी कड्या हव्यात, नेमाची पट्टी हवी. एक वस्तू ओहायोत, दुसरी टेक्सासात, आणि विकणारा प्रत्येक जण नडलेलं गिऱ्हाईक ओळखणारा. बोटीची मोटर विकली गेली. बर्फावरची गाडी गेली. दात बसवायचे ठरले होते, तेही लांबले. हा आपला रोज बटाट्याची पोळी दुधात कुस्करून खातोय आणि टेबलावर कड्या घासतोय.

"अरे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मी म्हणायची.

"हौसेला मोल नसतं वहिनी."

"हौसेला नसेल. दातांना असतं."

तो हसायचा, बोळक्या तोंडाने. खोटं कशाला बोलू, हंगामाच्या तोंडावर काम पुरं झालं तेव्हा बंदूक देखणी दिसत होती. एखाद्या जुन्या फोटोतल्या शिपायाच्या हातात असावी तशी. वाइनोने हेल्मीला फोन केला. आजोबांची बंदूक मी नवी करून ठेवलीय, तुझीच आहे, घ्यायला ये. मग ती येते म्हणाली. सुट्टी टाकते, पहिल्या दिवशी तळावर जाऊ. वाइनो धावत माझ्याकडे आला, अंगात कोट नाही, पायात चपला.

हंगामाच्या आदल्या संध्याकाळी हेल्मी आली. आमच्यात पाहुणा आला की आधी सौना. घरामागच्या त्या लाकडी खोलीत शेगडी पेटवायची, दगड तापवायचे, पाणी मारायचं, वाफ घ्यायची. मग कॉफी, मग बोलणं. आधी बायका जातात. हेल्मी आणि मी फळीवर शेजारी शेजारी बसलो. तिने दगडांवर पाणी टाकलं. काय सुरेख ऊब होती त्या दिवशी! जवसाच्या तेलाचा हलका वास येत होता. हेल्मी डोळे मिटून म्हणाली, काकू, आजोबांसारखा वास येतोय. आणि कितीतरी वर्षांनी ती माझ्या खांद्याला टेकून बसली.

स्वयंपाकघरात आलो. वाइनोने वेलचीचा ब्रेड कापून ठेवला होता. घोंगडीत गुंडाळलेली बंदूक आणून त्याने तिच्या हातात दिली. हेल्मीने घोंगडी सोडली. तिचा अंगठा दस्त्याच्या मागच्या टोकावर गेला, तिथे फिरला, परत फिरला.

"बाबा, हिचं जुनं लाकूड कुठंय?"

वाइनो अजून हसतच होता. "ते? आत्ता त्याच्याच वाफेत बसून आलीस ना. फोडून शेगडीत घातलं. काय मस्त पेटलं!"

हेल्मीने बंदूक टेबलावर ठेवली. हळूच ठेवली. म्हणाली, "मी त्या लाकडासाठी आले होते."

"अगं, पण ते कापलेलं होतं."

"हो बाबा. माझ्यासाठी कापलेलं होतं."

त्याला तेव्हा कळलं. चेहऱ्यावरून दिसलं मला, कळलं ते. लाव्हर्नने त्याच्या बापाला गाढव म्हटलं तेव्हा कळायला हवं होतं, दात नसलेल्या तोंडाने दुधात पोळी खाताना कळायला हवं होतं. हेल्मी ओल्या केसांनी तशीच बाहेर गेली. मी मागोमाग गेले. तिने शेगडीचं दार उघडलं आणि लोखंडी सळईने निखारे ओढले. बराच वेळ उकरत होती. एक स्क्रू सापडला, काळा पडलेला. तो तिने ओल्या पंच्यात धरला. दुसरा काही सापडेना. मी म्हटलं, अगं, सकाळी निवल्यावर बघू. ती उकरतच राहिली.

सकाळी सगळं गाव रानात निघालं आणि हिची गाडी उलट दिशेने डुलूथकडे गेली. बंदूक टेबलावरच होती.

वसंतात वाइनो ती लाव्हर्नकडे घेऊन गेला. लाव्हर्नने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, ही जोडून केलेली आहे. जोडून केलेली आणि अस्सल यांत जमीन-अस्मानाचं अंतर. त्याने सांगितली ती किंमत एकट्या लाकडाच्या खर्चाएवढीही नव्हती. मला वाटलं होतं मी म्हणेन, बघ, सांगत होते ना? पण वाइनोचं तोंड बघून माझी जीभ उचलली नाही. बंदूक आता त्याच्या भिंतीवर आहे. खांद्याला लावून पाहिली त्याने एकदा. बसत नाही म्हणाला.

रविवारचा फोन आता महिन्याने येतो.

वाइनो दर शनिवारी सौना झाली की शेगडीची राख बाहेर काढून चाळतो. इतक्या वेळा शेगडी पेटून विझली, आधीची राख तर मी कधीच बटाट्याच्या वाफ्यात टाकलेली, तिथेही हा गुडघे टेकून माती उकरून आला. म्हणतो, दुसरा सापडला की हेल्मीला कळवू. काय करेल ती त्या स्क्रूचं, मी विचारत नाही. मागच्या शनिवारी माझ्या दारात आला आणि पिठाची चाळणी मागितली, त्याच्या चाळणीची भोकं मोठी आहेत म्हणे. मी दिली.