सात इंची गादी

गादीवाल्याला जाडी विचारली की तो आधी गिऱ्हाईकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. अंगाने भरलेल्याला सहा इंच, किडकिडीत माणसाला चार, आणि पाठ धरलेल्याला "मऊ गादीचे लाड विसरा" असा दम. चाळीस वर्षांत आपला अंदाज चुकला नाही, असं तो स्वतःच सांगत असे. घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्याची बायको उरल्यासुरल्या कापसाच्या, गोळे झालेल्या गादीवर जन्मभर झोपली. "पुढच्या महिन्यात तुझी शिवतो," हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की तिने ते ऐकणंच सोडून दिलं होतं.

मग अर्धांगाच्या झटक्याने तिची डावी बाजू गेली. मुलगी इस्पितळात आयाचं काम करायची. तिने कुठूनसा दोन्ही बाजूंना कठडे असलेला लोखंडी पलंग मिळवला आणि त्यावर चार इंची गादी टाकली. बायको कण्हायची, "अहो, पाठीला फळ्या लागतात हो." ते ऐकून गादीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस त्याने दुकानात दुसरं काम हाती धरलं नाही. उत्तम कापूस पिंजून घेतला, नवी खोळ शिवली, दाभणाने एकेक टाका स्वतः घातला. गादी भरली सात इंच.

मुलगी बघून म्हणाली, "बाबा, फार जाड झाली ही. तो कठडा बघा ना..."

"गाद्यांतलं तू मला शिकवणार?" तो गरजला.

लांबी, रुंदी, माणसाचं वजन, सगळं त्याने मापलं होतं. पलंगाचा कठडा म्हणजे लोहाराचं काम, त्यात गादीवाल्याने कशाला डोकं घालायचं? कठडा फळ्यांपासून जेमतेम वीतभर उंच होता. नवी गादी घातल्यावर तो दोन-तीन बोटंच वर राहिला. शहाण्याला ते समोर असून दिसलं नाही.

दोन रात्री ती गाढ झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पलीकडच्या खोलीत जेवत होता. इकडे तिने चांगल्या हाताने जोर लावून कूस बदलली, ती कठड्यावरून थेट फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं.

तिला इस्पितळात ठेवून तो घरी आला आणि गादीवर तुटून पडला. कात्रीने खोळ टराटरा फाडली, कापूस खोलीभर उधळला. त्यातून काय साधणार होतं? पण रागाला अक्कल नसते, त्यातून तो स्वतःवरचा राग. संध्याकाळी मुलगी आली आणि कापूस गोळा करून मुकाट्याने पोत्यांत भरत राहिली.

नवव्या दिवशी इस्पितळात बायकोने त्याला खाटेजवळ बोलावलं. तिचा आवाज खोल गेला होता. शिव्या खायची त्याची तयारी होती.

"अहो, गादी काय सुरेख शिवलीत," ती म्हणाली. "दोन रात्री कशी सुखाने झोपले मी! घरी गेल्यावर मला त्याच गादीवर निजवा हं."

पायथ्याशी उभ्या मुलीने मान फिरवली.

"त्याच गादीवर," तो म्हणाला.

ती घरी आलीच नाही, म्हणून त्याचं खोटं उघडं पडलं नाही. ते पडलं असतं, ती त्याच्यावर एकदा कडकडून चिडली असती, तर त्याला जरा तरी हलकं वाटलं असतं. ती मात्र हसत, त्याच्यावर विश्वास ठेवून गेली.