बिनतेलाचं बेअरिंग घेऊन केळीच्या मुलखात

धुळ्याच्या स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या आजोबांनी आत डोकावून विचारलं, "नातवाले खेळणी का?"

"नाही आबा, बेअरिंग आहेत. रोलरमध्ये बसवायची. प्लॅस्टिकची असल्यामुळे पाण्यात, क्षारात गंजत नाहीत."

"प्लॅस्टिकची!" एवढंच म्हणून ते दुसरीकडे बघायला लागले. खान्देशात हा माल विकायचा म्हणजे आधी लोकांचं हसून झालं की मग बोलायचं. मला त्याची सवय आहे.

या खेपेला मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सावद्याकडच्या एका पॅकहाऊसमध्ये (केळी धुऊन खोक्यांत भरायची शेड) केळी पुढे सरकवणाऱ्या एका रोलरला आमची बेअरिंग नमुन्यादाखल बसवली होती. केळी तुरटीच्या पाण्यात धुतात, त्या पाण्याने लोखंडी बेअरिंग हां हां म्हणता गंजतात. तिथला आमचा रोलर अडकल्याचा फोन आला आणि आमचे साहेब कडाडले, "हे गिऱ्हाईक गेलं तर खान्देशची फिरती बंद. गोदामात बसायचं!" कोणी म्हणेल, बरंच झालं की, या वयात दगदग सुटली. अहो, पण घरी आहे कोण? मुलगी बंगळुरूला, बायको नातवाला सांभाळायला गेली ती तिथलीच झाली. फिरतीवर निदान कोणी तरी चहा विचारतं.

पारोळा, एरंडोल मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी उपटून मोकळी झालेली काळी रानं होती. जळगावला उतरून शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) मागवली. एकट्या माणसाला हॉटेलवाले हात धुवायच्या नळाजवळचंच टेबल का देतात, देव जाणे! तर्री अशी जहाल की पहिल्या घासाला ठसका लागला. पाठीवर थोपटायला कोणी नव्हतं, म्हणून आपणच पाणी प्यायलो आणि जेवण संपवलं.

भुसावळनंतर तापी ओलांडली आणि मुलूखच बदलला. जिकडे बघावं तिकडे केळी. कंडक्टर गप्पांत रंगला आणि माझा थांबा विसरला. "आता इथंच उतरा काका, थोडं मागं चाला," म्हणाला. त्याच्या नानाची टांग! ते 'थोडं' चांगलंच लांब निघालं. दोन्हीकडे डोक्यावर गेलेल्या बागा, आत कुठे तरी माणसं बोलत होती, पण दिसत कोणी नव्हतं. मी उगाच दोनदा "ओ भाऊ!" अशी हाक मारून पाहिली आणि पुढे चालत राहिलो.

पॅकहाऊसच्या मालकीण वैशालीताई फाटकातच भेटल्या. "या काका. बघा तुमचं बेअरिंग. अडकलंय. मी तर पुन्हा लोखंडीच बसवणार होते."

मी रोलर उतरवायला लावला. बेअरिंग धड होतं, पण आत काळा चिकट लगदा. बोटावर घेऊन वास घेतला. तेल! तेलात धूळ आणि केळीचा चीक बसून त्याचा डिंक झाला होता.

"ताई, याला तेल कोणी दिलं? याला तेल चालत नाही, हे कोरडंच फिरतं."

मागून आवाज आला, "म्या देलं, भाऊ."

हे नाना, तिथले जुने फिटर. मागच्याच खोलीत एकटे राहतात. बायको वारलेली. रोज सकाळी तेलाची कुप्पी घेऊन सगळ्या रोलरना तेल देत फिरायचं, हा त्यांचा नेम. चहासुद्धा त्यानंतर.

"नाना, याला नको म्हणून सांगितलं होतं ना?" ताई वैतागल्या.

"सांगतलं होतं, ताई." नाना ओशाळून हसले. "पन बठ्ठ्याइले (सगळ्यांना) तेल पाजलं, अन् याले एकट्यालेच उपाशी कसं ठिऊ? बरं नाही वाटे जीवाले."

ताई हसल्या, मीही हसलो. खरं तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. दोष बेअरिंगचा नव्हता! मी ते उघडून धुतलं, पुसलं आणि परत बसवलं. रोलर बोटाच्या धक्क्याने फिरायला लागला.

"म्हणजे सगळे रोलर असे केले, तर रोजचं तेलपाणी नाहीच?" ताईंनी विचारलं.

"काही म्हणजे काही नाही!" मी विक्रेत्याच्या ठसक्यात बोलून गेलो.

"मग सगळेच बदला. केळ्यांवर तेलाचे डाग पडतात, तेही मिटेल."

नाना कुप्पीचं टोक फडक्याने पुसत होते, ते पुसतच राहिले.

निघताना मला सडकेपर्यंत सोडायला तेच आले. नको नको म्हणताना पिशवी त्यांनीच घेतली. बस येईपर्यंत आम्ही बाभळीखाली उभे होतो.

"चांगलं झालं भाऊ तुमचं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, तिरकस नाही. मग पिशवी माझ्याकडे देत, "मंग आता सकायी (सकाळी) उठून मी काय करू?"

"आराम करा नाना," असं काही तरी बोललो, आणि लाज वाटली. गोदामात बस म्हटल्यावर माझा जीव कसा झाला होता, ते मला माहीत होतं. तेवढ्यात बस आली.

साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. फिरती चालू. धुळ्याला घराचं कुलूप काढलं आणि आधी बायकोला फोन लावला. तिकडे नातू रडत होता. "उद्या बोलू हं," म्हणून तिने ठेवून दिला. पंखा लावून अंधारातच बसलो. माझी फेरी वाचली ती नानांच्या फेरीच्या जिवावर, हे कोणाला तरी सांगायचं होतं.

माल तयार झाला की तो बसवायला मलाच जायचं आहे. नाना चहा विचारतील. आजवर फिरतीची मी वाट बघत आलो, पण या खेपेला जायची भीती वाटते.