फुकट बढती

मी चुका मुद्दाम करत होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकात मी बहरीनला एका ऑफिसात टायपिस्ट होतो. मनामातल्या नईम भागात एका खोलीत आम्ही रत्नागिरीकडचे सहाजण राहायचो. जवळच्या माहूज भागात एक म्हातारे जर्मन साहेब होते, एकटेच. गोदीतल्या नोकरीसाठी आलेले. बायको तिथेच वारली, मग राहूनच गेले. त्यांचे वडील कैसरच्या आरमारात अधिकारी होते. आपल्या नोकरीची सगळी हकीकत वडिलांनी एका जाड वहीत लिहून ठेवली होती, पण जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात. ते अक्षर घरात फक्त साहेबांना लागायचं. मुलगी कॅनडात, नातवंडांना नुसतं इंग्रजी. आणि साहेबांचे डोळे चालले होते. दिसतंय तोवर वही इंग्रजीत उतरवायची, एवढंच त्यांना हवं होतं.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी जायचो. ते भिंग धरून वाचत, इंग्रजीत सांगत; मी शॉर्टहँडमध्ये घ्यायचो आणि आठवडाभरात टाइप करून न्यायचो. शिडाच्या जहाजावरची उमेदवारी, चीनच्या किनाऱ्यावरची गनबोट, मग टॉर्पेडो बोटी. शिडं उतरवण्याचं वर्णन आलं की ते थांबायचे.

"मिस्टर, तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

माझा बाप तांडेल, गलबत चालवणारा. त्याच्या तोंडचे शब्द मी सांगायचो, ते कागदावर टिपून घ्यायचे. माझ्या बापाबद्दल तिथे दुसऱ्या कुणी कधी विचारलं नव्हतं.

एकदा माझ्याकडून लेफ्टनंटच्या जागी कॅप्टन पडलं. साहेब मोठ्याने हसले. "कैसरने दिली नाही ती बढती तुम्ही माझ्या वडिलांना फुकट दिलीत!" ते पान दुरुस्त करता करता मी तासभर जास्त बसलो. वही संपली की शुक्रवार संपणार, हे तेव्हाच डोक्यात आलं.

पुढच्या आठवड्यात मी बंदराचं नाव बदललं. मग एक तारीख. मग पुन्हा हुद्दा. साहेब भिंगाखाली ओळ न् ओळ तपासायचे, चूक सापडली की खूश व्हायचे. मग नवं वाचायला डोळ्यांत जोर उरायचा नाही.

खोलीवर चेष्टा व्हायची. "काय रे, जर्मनीचा आरमार अजून बुडला नाय?"

"बुडेल, इंशाल्ला," मी म्हणायचो.

वही पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षापर्यंत आली होती. त्या शुक्रवारी साहेबांनी भिंग पुढेमागे केलं, वही खिडकीशी नेली, परत आणली आणि मिटली.

"डोळे खलास," ते म्हणाले. मग माझीच माफी मागितली. "मी फार हळू वाचलं. तुमच्या सुट्ट्या वाया घालवल्या."

"तसं काही नाही, साहेब."

बोलायचं होतं ते तेव्हाच. मी चहा पिऊन उठलो.

महिन्याभराने मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना तिने मला पत्ता लिहून दिला. "बाबा तुमचं फार सांगतात," म्हणाली.

साहेब आता नसतील. वहीची शेवटची पानं पुढे कुणी वाचली का, मला ठाऊक नाही. पत्ता अजून माझ्या पेटीत आहे. त्या मुलीला मला एक पत्र देणं आहे: उशीर तुमच्या वडिलांमुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला.